भाजलेलं पेरणारी नशूम

नशूमच्या दोन्ही पायांचे अंगठे मागं मुडपलेले होते. चाळीस वर्षं गुडघे टेकून, पायाची बोटं मातीत रोवून पाट्यावर धान्य रगडलं की अंगठे असेच होतात. गुडघ्यांचं तर बोलायलाच नको. ती उठायची तेव्हा आधी गुडघे बोलायचे, मग ती बोलायची.

गोष्ट बारा-तेरा हजार वर्षांमागची, फरात म्हणजे युफ्रेटिस नदीच्या काठची. नदीला तेव्हा नुसतं नदी म्हणत, कारण दुसरी कुणी पाहिलेलीच नव्हती. वस्ती म्हणजे तीस-चाळीस माणसं, कमरेइतके खड्डे खणून वर लव्हाळ्याचं छप्पर घातलेली घरं, आणि माणसांपेक्षा जास्त भुंकून बोलणारी कुत्री.

नशूम तरुणपणी इथं आली तेव्हा रानगहू घरामागच्या उतारावर होता. मुली सकाळी टोपलं घेऊन जायच्या, दुपारी भरून आणायच्या, आणि मधल्या वेळात भांडायच्या. पिस्त्याची झाडं इतकी जवळ होती की झाडावरची पोरं एकमेकांना काय शिव्या देतात ते घरात ऐकू यायचं. मग थंडी वाढत गेली. पाऊस उशिरा यायचा आणि पाहुण्यासारखा लगेच उठायचा. वारा कोरडा झाला, तोंडात माती आणू लागला. झाडं डोंगराकडं सरकली. म्हणजे झाडं काही चालत नाहीत. खालची वाळली आणि वरची राहिली. पण वस्तीत ‘सरकली’ असंच म्हणायचे, आणि रागानं म्हणायचे, जणू कुणी ताटावरून उठून गेलं. रानगहूही त्यांच्या मागोमाग वर गेला. आता गहू आणायला जायचं तर बायकांना दोन मुक्काम वर चढावं लागे, आणि टोपलं डोक्यावर घेऊन तेवढंच खाली.

नशूमला ते जमेना. तिची चाल वस्तीत सगळ्यांनी पाहिली होती. कुणी काही बोलत नव्हतं, आणि तेच वाईट होतं.

कारण रीत सगळ्यांना ठाऊक होती. वस्ती हलली की जो चालू शकत नाही तो मागं राहतो. त्याच्यापाशी आगटी पेटवून द्यायची, पाण्याची कातडी पिशवी ठेवायची, दोन दिवसांचं खाणं ठेवायचं आणि मागं न बघता निघायचं. नशूम नवी नवरी होती तेव्हा ही माणसं नदीच्या खालच्या अंगाकडून इथं आली. तेव्हा तिच्या आईची आगटी तिनंच पेटवली होती. आई एवढंच म्हणाली होती, “लाकडं ओली आहेत गं. धूर होईल.”

त्यामुळं एका उन्हाळ्यात, बायका अर्धी टोपली घेऊन डोंगरावरून परतल्या तेव्हा, हाकोर तिच्या दारात येऊन बसला आणि नशूमला तो कशासाठी आला ते लगेच कळलं. हाकोर तिचा दीर. नवरा गेल्यापासून वस्तीचं बघायचा. प्रत्येक वाक्य ‘मी काय म्हणतो’नं सुरू करायचा आणि पुढं जे लोक म्हणतात तेच म्हणायचा.

“मी काय म्हणतो वहिनी, नदीच्या वरच्या अंगाला, दहा मुक्कामांवर, गहू अजून खाली आहे म्हणतात.”

“कोण म्हणतात?”

“म्हणतात.”

“कुणी पाहिलाय का भावजी?”

“गेलेला माणूस परत आला नाही. म्हणजे तिथं बरंच असणार.”

नशूमला हसू आलं आणि हसताना गुडघा दुखला. हाकोर हसला नाही. जमिनीवर बोटानं रेघा ओढत म्हणाला, “दोन हिवाळे बघतो. पेवं निम्मी तरी भरली तर ठीक. नाहीतर दुसऱ्या हिवाळ्यानंतर हरणं येतील, ती मारायची, मांस वाळवायचं आणि निघायचं. मी एकट्यानं नाही ठरवलं हो. सगळे म्हणतात.”

“आणि मी?”

हाकोरनं रेघा पुसल्या. “बघू की,” म्हणाला, आणि उठून गेला.

*

आता गहू सांडला की उगवतो, हे वस्तीतल्या कुत्र्यांनाही माहीत होतं. बायका कणसं बडवत त्या अंगणाच्या खाली, ओहोळाच्या कडेला, दर वसंतात पाचपंचवीस काड्या उभ्या राहायच्या. पोरं हिरवे दाणे चोखून टाकायची. त्यात नवल कसलं? पण खायचा दाणा आपल्या हातानं चिखलात टाकायचा, हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. नशूमच्याही आलं नसतं. तिला चालता येत असतं तर.

गहू डोंगरावरून खाली येत नाही आणि आपण वर जाऊ शकत नाही. मग एवढंच उरतं, असं तिनं धरलं.

त्या उन्हाळ्यापासून ती आपल्या वाट्यातली एक मूठ बाजूला ठेवू लागली. रोज नाही, भूक फार असे त्या दिवशी नाही. मुलगा अरदूक विचारायचा, “आये, जेवलीस का?” ती म्हणायची, “जेवले की.” अरदूक साधा माणूस. ‘जेवले’ म्हटलं की त्याला ते खरंच वाटायचं. सून तिबी मात्र नवी होती आणि डोळस होती.

“आत्याबाई, तुम्ही खात नाही. टोपल्यात टाकता.”

“तुला काय करायचंय?”

“मला काही नाही. तुम्ही वाळलात की पाटा माझ्या गळ्यात येईल, एवढंच.”

पहिला पाऊस झाला तेव्हा लहान टोपलंभर धान्य जमलं होतं. नशूम तिबीच्या खांद्याला धरून ओहोळापर्यंत गेली. ओहोळाच्या वळणावर गाळ बसतो, ओल टिकते. कंद उकरायच्या काठीनं दोघींनी माती खरडली आणि धान्य टाकलं. मूठ सुटताना नशूमच्या तोंडाला पाणी सुटलं. ती मूठ परत आवळेल की काय असं तिला स्वतःलाच वाटलं.

वर चुलाणापाशी एलूत बसली होती. एलूत नशूमच्याच वयाची, वस्तीतली उरलेली दुसरी म्हातारी. डोंगरावरून येणारा गहू भाजण्याचं काम तिचं. भाजला की टरफल सुटतं, किडा लागत नाही, पोट दुखत नाही. म्हणून वस्तीत कच्चा दाणा कुणाच्या घरात जायचा नाही. आधी एलूतचं चुलाण, मग उंबरा. किती जाळ, किती वेळ, कधी उपसायचं, हे तिच्या हातालाच कळायचं. धुरानं डोळे अर्धे गेले होते, जीभ मात्र पूर्ण होती. तिचं बोलणं ठरलेल्या जागेवरून निघायचं.

“आम्ही काय बाई, धुरातली माणसं, आम्हाला काय दिसतंय! पण एवढं छान भाजून दिलेलं धान्य चिखलात? किड्यांना माझ्या हाताची चव आवडली का ते तरी सांग हो.”

सगळे हसले.

मग वाट बघणं सुरू झालं. पावसामागं पाऊस झाला; दोनच झाले, पण झाले. बडवायच्या अंगणाखाली नेहमीच्या पाचपंचवीस काड्या वर आल्या. ओहोळाच्या वळणावर काटेरी गवत आलं. गहू आला नाही. एकही नाही.

सबंध हिवाळाभर वस्तीला बोलायला विषय झाला. “नशूमबाईचा गहू लाजतोय.” “अगं, हाक मार, झोपला असेल.” हाकोर म्हणाला, “मी काय म्हणतो वहिनी, पोटात पेरलं असतं तर सकाळी काहीतरी उगवलं असतं.” हे मात्र त्याचं स्वतःचं होतं, आणि त्याला ते इतकं आवडलं की त्यानं ते तीनदा म्हणून दाखवलं.

नशूमनं आपल्यापुरता एक अर्थ लावला. हातून सांडलेलं जमीन घेते. दिलेलं घेत नाही. आपण मागायला गेलो हे तिला आवडलं नसेल. त्यानंतर तिनं मूठ बाजूला ठेवणं बंद केलं. खाल्लं, दळलं, झोपली. एक हिवाळा संपला होता.

*

दुसऱ्या उन्हाळ्यात बायका डोंगरावर गेल्या त्या नऊ दिवसांनी आल्या, आणि टोपली अर्ध्याहून खाली होती. वरचे उतारही पिवळट पडलेत, म्हणाल्या. वर कुणी दुसरी माणसंही दिसली, आणि त्यांच्या हातात काठ्या होत्या.

तिबीला तेव्हा दिवस गेले होते. डोंगर ती चढली आणि उतरली, पण चुलाणाच्या धुराजवळ गेली की ओकायची. सगळ्यांनी आपापली टोपली एलूतपुढं ओतली. तिबीनंही एक ओतलं. दुसरं ओतायला गेली आणि तोंडावर हात दाबून पळाली. मग ते टोपलं तिनं गपचूप घरात नेलं, कोपऱ्यात कातड्यांच्या मागं सारलं. उद्या भाजून घेऊ, असं ठरवलं. उद्याही ओकारी आलीच. पुढं इतके दिवस झाले की आता सांगितलं तर एलूत वस्तीभर बोंबलेल, या भीतीनं तिनं सांगितलंच नाही.

पाऊस आला तो वाऱ्यासकट आला आणि छपराचा तो कोपरा गळला. दोन दिवस गळला. आठ-दहा दिवसांनी नशूम कातडी बाहेर ओढायला गेली, तर मागं दोन टोपली. एक घरच्या भाजलेल्या गव्हाचं. त्यावर हिरवट बुरशी चढली होती, वास येत होता. दुसरं उचलायला गेली तर ते जमिनीला धरून बसलेलं. विणीतून पांढऱ्या मुळ्या बाहेर आल्या होत्या आणि वर बोटभर कोंब.

तिबी दारातच थांबली. “आत्याबाई, एलूतमावशीला सांगू नका. मी भाजणारच होते. खरंच भाजणार होते.”

“हे कच्चंय?”

“हो.”

“सगळं?”

“सगळंच हो. किती वेळा विचारता!”

नशूम खाली बसली. एक हात बुरशीत, एक हात कोंबात. गळती एकच होती, कोपरा एकच होता, पाणी एकच होतं. तिला राग आला नाही. आनंदही झाला नाही. सबंध उन्हाळाभर न खाल्लेल्या मुठी तिला एकेक करून आठवल्या, आणि फार दमल्यासारखं झालं.

“एवढंच होतं तर,” ती म्हणाली.

“काय एवढंच?”

“मेलेलं पुरत होते मी. अरदूकला हाक मार. आणि काठी आण.”

टोपल्याच्या पलीकडच्या बाजूचा, गळती न लागलेला निम्मा गहू अजून कोरडा होता. अरदूकनं ओहोळाच्या वळणावरची माती उकरली. ‘हे पुन्हा कशाला’ असं त्यानं एकदा विचारलं, मग आईचा चेहरा बघून विचारलं नाही. कोंब आलेलंही पेरलं आणि कोरडंही पेरलं. एलूतनं वरून विचारलं, “यंदा पुन्हा? आम्ही काय बाई, धुरातली माणसं, पण माझा गहू कमी झाला नाही, मग हा आला कुठून?” तिबी खाली मान घालून माती ढकलत राहिली. नशूम म्हणाली, “सांडलेला आहे गं.” चुलाणाच्या वाटेवरून निसटलेला होताच तो, त्यामुळं ते तसं खोटंही नव्हतं.

यावेळी आलं. आधी विरळ, मग बऱ्यापैकी. हिवाळाभर वस्तीतले लोक काही ना काही निमित्तानं ओहोळावरून जायला लागले. हसणारे कमी झाले, पण बंद झाले नाहीत. तिबीला मुलगी झाली. थंडी एवढी पडली की नदीच्या कडेला पाण्यावर पापुद्रा धरला, आणि नशूमला वाटलं, गेलं आता. पण गहू डोंगरावरचा होता. त्याला थंडी नवी नव्हती.

*

हरणं आली ती नेहमीच्या निम्मीही नव्हती. पुरुषांनी मारली, बायकांनी मांस वाळवलं, आणि हाकोर दारात येऊन बसला.

“मी काय म्हणतो वहिनी...”

“ठाऊक आहे काय म्हणता. गहू अजून हिरवा आहे.”

“त्याचं काय करू? दोन हिवाळे झाले. पेवाच्या तळाला आहे तेवढंच आहे.”

“एक चंद्र थांबा.”

“एका चंद्रात वाळलेलं मांस निम्मं संपतं.”

“आणि मला मागं टाकायला एक चंद्र उशीर झाला तर कुठं बिघडतंय?”

हे पहिल्यांदाच कुणीतरी मोठ्यानं म्हटलं होतं. हाकोर उठला, ओहोळाकडं गेला. नशूमनं घरातून पाहिलं: त्यानं एक कणीस मोडलं, दाणा दाताखाली धरला, थुंकला नाही. बराच वेळ तिथंच उभा राहिला. संध्याकाळी निरोप आला: एक चंद्र.

तो चंद्र नशूमनं ओहोळाच्या काठावर काढला. पाखरं यायची, हरणांची चुकार पिल्लं यायची, वस्तीतली पोरंही यायची, आणि पोरं सगळ्यांत वाईट. नशूम हाडावर हाड आपटत बसायची, ओरडायची. आवाज बसला. उन्हात डोळे मिटायचे, मग दचकून उठायची आणि समोर काही नसतानाच ओरडायची.

कणसं पिकली. कापली, बडवली. तीन टोपली भरली आणि चौथ्याचा तळ झाकला. सगळी वस्ती अंगणात गोळा झाली होती. घरापासून हाकेच्या अंतरावर गहू तयार झाला, हे निम्म्या लोकांनी जन्मात पाहिलं नव्हतं. एलूतनं रीतीप्रमाणं चुलाण पेटवलं आणि पहिलं टोपलं पुढं ओढलं.

“दोन टोपली राहू दे,” नशूम म्हणाली. “कच्ची.”

अरदूक म्हणाला, “आये, एवढी राखण करून खायला एकच?”

“भाजलेलं उगवत नाही रे. माझं पहिलं पेरलेलं म्हणूनच गेलं.”

“कच्चं घरात?” एलूतचा आवाज चढला. “किडे पडतील! पोरांची पोटं फुगतील! माझ्या आईनं भाजलं, तिच्या आईनं भाजलं. म्हणजे आम्ही इतकी वर्षं गहू मारत बसलो होतो का?”

कुणीतरी मागून हसलं. त्या हसण्यानं एलूत एकदम बसल्या जागी लहान झाली. नशूम गुडघ्यांवर हात दाबत तिच्याजवळ गेली आणि शेजारी टेकली. एलूत तिच्याच कानापुरतं बोलली, नेहमीचा सूर न लावता.

“मलाही चालता येत नाही नशूम. मला उचलून नेणार होते ते. तुला नाही, मला. का ठाऊक आहे?”

“चुलाणामुळं.”

“मग हे उद्यापासून कच्चं खाणार, कच्चं टाकणार. मी कोण?”

नशूमला वाद घालायची ताकद नव्हती. होती तेवढी पाखरांवर ओरडण्यात गेली होती.

“ही दोन टोपली माझ्या घरात ठेवली तर हिवाळ्यापर्यंत राहतील?” तिनं विचारलं. “अरदूक माझाच आहे, तोच खाईल. माझी भीती कुणाला आहे? तुझी आहे. तू ठेव. कोरडं कुठं राहतं, ओल कुठून येते, किडा कधी लागतो, हे तुझ्याइतकं कुणाला कळतं? भाजायचं तू ठरवतेस, तसं न भाजायचंही तूच ठरव.”

एलूतनं अधू डोळ्यांनी तिच्याकडं पाहिलं. “आम्ही काय बाई...” तिनं सुरू केलं आणि पुढचं म्हटलं नाही. मग हात लांबवून दोन टोपली चुलाणापासून आपल्या बाजूला ओढली. इतकी जवळ की त्यांना हात लावायचा तर आधी तिला ओलांडावं लागलं असतं.

सगळ्यांचे डोळे हाकोरकडं गेले. त्यानं “मी काय म्हणतो” म्हटलं आणि थांबला, कारण लोक काय म्हणतात ते त्याला अजून कळलं नव्हतं. त्यानं अंगणभर पाहिलं. कुणीच काही म्हणेना.

“दोन टोपली चिखलात टाकायची म्हणजे,” तो हळूहळू म्हणाला, “टाकून निघून जाता येत नाही. पाखरं खातील.”

“खातील,” नशूम म्हणाली.

“मग पिकेपर्यंत थांबावं लागणार.”

“लागणार.”

“आणि पिकल्यावर पुन्हा दोन-चार टोपली ठेवायची. म्हणजे पुन्हा थांबायचं.” तो वैतागला होता. “हे संपायचं कधी वहिनी?”

“मला काय माहीत भावजी?”

हाकोरनं उसासा टाकला. “थांबतो,” म्हणाला. “पुढच्या गव्हापर्यंत. त्यापुढचं मी बोलत नाही.”

आणि मग एकदम सगळ्यांच्या जिभा सुटल्या. ओहोळाच्या पलीकडची झुडपं काढली तर तिकडंही ओल असते, कुणी म्हणालं. काढणार कोण, दुसऱ्यानं विचारलं. राखणीला एक बाई पुरायची नाही. मूठ किती दाट टाकायची? माती किती खरडायची? हरणांच्या मागं जायचं की पाखरांच्या? पहिल्या पावसाला की दुसऱ्या? वाटणी घरागणिक की तोंडागणिक? “नशूमबाई, सांगा!” “काकी, आधी माझं ऐका!” “आये, झुडपं मलाच काढायला लावणार ना तू?”

नशूम तोवर उठली होती. आपल्या घरापर्यंत गेली, छपराच्या सावलीत कातडं ओढलं आणि कलंडली. माणसं तिच्यामागं आली आणि भोवती उभी राहून तिच्या अंगावरूनच एकमेकांशी भांडू लागली. तिबी मुलीला कडेवर घेऊन त्यांना ढकलत होती.

“वहिनी, एवढं एकच सांगा,” हाकोर वाकून म्हणाला.

“भावजी, कुठं जायचं नाहीये ना?”

“नाही.”

“मग उद्या विचारा,” नशूम म्हणाली आणि भर दुपारी झोपली.